म्हैस, विहीर आणि अंगठा

चौसाळा,
९ मार्च २०२५

चि. अर्जुनास आक्काचे पोटभरून आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नको. मेले न्हाई, घरी आले. फोन केला असता, पर आवाजच न्हाई. घशात नऊ दिवस नळी होती, ती काढली तवापासून तोंडातून नुसती हवा निघतीय. बीडच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, तीन महिने बोलायचं न्हाई, कुजबुजायचं तर मुळीच न्हाई. सूनबाई स्वप्नाली लई खूश हाय. तिच्या मोबाईलवर लिहिता येतं म्हणं, पर तसं लिहिलं तर आधी तीच वाचणार, मंग तिची आई. म्हणून नातीच्या, संस्कृतीच्या वहीतली पानं फाडून लिहितेय. बाबांनी मला सातवीपर्यंत शिकवलं तवा भावकी हसली होती. हसा म्हणावं आता.

आतडं फुटलं तवा माझा रामप्रसाद तिकडं कर्नाटकात कारखान्यावर ट्रॅक्टर घेऊन. तो येस्तोवर तिसरा दिवस उजाडला. तू त्या दिवशी घरी आलतास म्हणून वाचले. तूच बीडला नेलंस, तूच ऑपरेशनच्या कागदावर सही केलीस, तूच दाराशी बसून राहिलास. हे सगळं मला मागून कळलं. मला तर वेगळंच आठवतंय.

माझ्या पायथ्याला एक म्हैस बांधलेली होती. काळी, बाबांची होती तसली. सारखी सूं सूं श्वास घ्यायची. मी हातानं दाखवत होते, हिला कुणीतरी पाणी दाखवा रे. छताला कापूस फुटलेला आन बाया उलट्या लटकून वेचत होत्या. आमच्या गल्लीतली दगडाबाईबी होती त्यात, तिचा पदर माझ्या तोंडावर येत होता.

आन तू दिसलास. टोपी न्हाई, अंगात हिरवा झगा. माझ्या कानाशी वाकून म्हणलास, “आक्का, विहिरीला पाणी लागलं, बघायला चल.” मंग माझा डावा हात धरलास, अंगठा सरळ केलास, गार काहीतरी लागलं, आन कागदावर दाबलास. एकदा का दोनदा, ते सांगता येत न्हाई.

अर्जुना, तो कागद कशाचा होता?

मी उभ्या जन्मात अंगठा दिला न्हाई, सही करते. आन आपल्याकडं बाईचा डावा अंगठा कशावर लागतो ते तुलाबी ठावं हाय. बाबांच्या सहा एकरावर आपलं दोघांचं नाव. संक्रांतीला तू हक्कसोडीचं बोललास तवा मी म्हणले, देऊ की, घाई कशाची. न्हाई म्हणले नव्हते. दगडाबाईनं भावांना सही दिली न्हाई, तर सात वर्षं झाली, पंचमीला तिला माहेरी न्यायला दारात कुणी मुराळी आला न्हाई. दर पंचमीला ती माझ्या ओट्यावर बसून रडती. मला ते नगं होतं, म्हणून आज न उद्या सही दिलीच असती. मंग बेशुद्धीत घ्यायची काय गरज?

जे असंल ते खरं लिही. मी रागवणार न्हाई. रागवायला आवाजच न्हाई.

तुझी,
आक्का


धारूर,
१६ मार्च २०२५

ती. आक्कास अर्जुनरावाचा दंडवत.

पत्र पोचलं. पोस्टमननं चावडीसमोर हाक मारून दिलं, सगळ्यांनी इचारलं, कुणाचं हो पत्र, या जमान्यात? मी म्हणलं, आक्का हाय ती, तिचं सगळं निराळं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मुद्देसूद देतो. पंधरा वर्षं ग्रामपंचायत चालवलीय, गोलमाल बोलायची सवय न्हाई.

मुद्दा असा की मशीनवर राहिलेल्या माणसाला भ्रम होतो. हे मी म्हणत न्हाई, डॉक्टर वर्षाराणी मॅडमनं मला समोर बसवून सांगितलं. दहातल्या सहा-सात जणांना होतो म्हणं. कुणाला साप दिसतात, कुणाला मेलेली माणसं. आता तूच बघ. दवाखान्यात म्हैस होती का? न्हाई. छताला कापूस होता का? न्हाई. मंग अंगठाच तेवढा खरा कसा? आन विहिरीला पाणी कुठं लागलंय? चाळीस फुटावर खडक लागलाय, ब्लास्टिंगवाला रोज नवा वायदा देतो. मी असं कशाला म्हणू तुला?

तवा तो अंगठा डोस्क्यातून काढून टाक. दूध घे, अंडी घे. तुझी भावजय म्हणतीय, वन्सं बोलत न्हाईत तर घर कसं सुनं वाटत असंल.

कारखान्याचा हंगाम संपला की रामप्रसाद परत येईलच. मग मीबी येतो.

तुझा,
अर्जुन


चौसाळा,
२८ मार्च २०२५

अर्जुना,

तुझं पटलं. लई पटलं, आन तिथंच माझी पंचाईत झाली.

तू म्हणतोस, म्हैस खोटी म्हणून अंगठाबी खोटा. बरं. पर मला म्हशीचं शेण जसं दिसलं ना, तसाच अंगठा दिसतो, आन तशीच आईबी दिसती. आई गेली तवा तिच्या तोंडात पाणी मी घातलं. का तेबी भ्रम? बाबा मला शाळेत नेताना ओढ्यात खांद्यावर घ्यायचे. घ्यायचे का रे? का मी मशीनवर असताना हे सगळं आत शिरलं?

परवा पाटीवर लिहून स्वप्नालीला इचारलं, परसात लिंबाचं झाड हाय का? म्हणली, “आत्या, तुम्हीच लावलंय की.” तवापासून तिनं गॅसचा लायटर वरच्या फळीवर ठेवलाय. मला दिसतं सगळं. संस्कृतीला माझ्यापाशी झोपू देत न्हाई. का माझाच तसा समज झालाय? कुणाला इचारू? इचारलं की म्हातारी बहकली म्हणतात, न्हाई इचारलं तर आतल्या आत गरगरतं.

काल दळणाचा डबा चक्कीवर ठेवला का न्हाई ते आठवंना. दोनदा जाऊन बघितलं. डबा तिथंच होता. तिसऱ्यांदा गेले तर गिरणीवाला म्हणला, “मावशी, घरी जा.”

पर गंमत बघ, म्हैस आता इरघळत चाललीय. तिची शिंगं कशी होती आठवत न्हाई. कापसाच्या बाया तर निम्म्या पुसल्या. तुझा हिरवा झगा मातर हाय तसाच हाय. त्याच्या बाहीला शाईचा ठिपका होता, तोबी हाय.

मला एवढंच लेखी दे. आईला पाणी मी पाजलं का? बाबांचे खांदे खरे का? आन पुन्हा एकदा, शेवटचं इचारते, अंगठा?

तू जे लिहिशील ते मी खरं धरीन. दुसरा आधारच न्हाई मला.

आक्का


धारूर,
६ एप्रिल २०२५

ती. आक्का,

आईला पाणी तूच पाजलंस. मी तवा दारात उभा होतो. बाबांचे खांदे खरे. लिंबाचं झाड खरं.

अंगठा न्हाई.

डोस्क्याला ताण देऊ नको. एसटीनं चौसाळा फाट्यावर कैऱ्यांची गोणी पाठवतोय, उतरून घ्यायला सांग. सध्या कामं लई हायत, यायला जमंल असं वाटत न्हाई.

अर्जुन


चौसाळा,
३० मे २०२५

अर्जुनराव,

कैऱ्या चांगल्या निघाल्या. लोणचं घातलंय. त्या कैऱ्या खाल्लेल्या तोंडानंच हे लिहितेय.

मंगळवारी तीन महिन्यांच्या तपासणीला बीडला गेलते. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, मंग एका खोलीत बसवून परीक्षाच घेतली. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, पाच शब्द सांगते ते मागून म्हणून दाखवा. मी पाटीवर लिहून सगळं बरोबर दिलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. बाई म्हणल्या, “तुमची बुद्धी शाबूत आहे, आजी.” मी म्हणलं, हे माझ्या भावाला लिहून द्या.

मंग त्यांनी एक निळी वही हातात ठेवली. म्हणल्या, जे मशीनवर असतात त्यांचे दिवस हरवतात, म्हणून आमच्या अभ्यासात सिस्टर रोज दोन ओळी लिहून ठेवते. ही तुमची. मला तर ठावंच न्हाई, कसला अभ्यास, कुणाचा. पर वही घेतली आन एसटीत बसून वाचली. आरोही सिस्टरचं अक्षर मोत्यासारखं हाय. तुला उतरून देते, नीट वाच.

“११ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार. आजी, आज तुमचे भाऊ भेटायला आत आले. तुमच्या कानात सांगत होते, विहिरीला पाणी लागलं, बघायला चल. तुम्ही भुवया हलवल्या. ते रडले. नंतर मशीनचा अलार्म वाजला म्हणून मी आले, तुमचा हात हलल्याने वायर निघाली होती. तुमच्या डाव्या अंगठ्याला जांभळी शाई लागलेली होती. मी स्पिरिटने पुसली.”

जांभळी शाई. स्पिरिटनं पुसली. आता सांग, त्या पोरीलाबी भ्रम झालता का?

तुला मी इचारलं दोनदा. आईची शपथ घालायची राहिली होती तेवढी. आन तू मला मुद्दे सांगितलेस! अंगठा घेतलास याचा राग हायच. पर त्याच्याहून मोठा राग दुसरा हाय. तू मला येडं ठरवलंस रे. दोन महिने मी परसातल्या झाडाला हात लावून बघत होते, हाय का न्हाई. नातीला माझ्यापासून दूर झोपवत होते, आन मला वाटायचं, बरोबरच हाय त्यांचं. तुला ठावं होतं मी शहाणी हाय. एक ओळ लिहिली असतीस तर मी ऱ्हायले असते माणसात.

मी धारूरच्या तलाठ्याला अर्ज टाकलाय. माझ्या बेशुद्धीत अंगठा घेतला हाय, सहा एकराच्या सातबाऱ्याला हात लावू नये.

पंचमीला येऊ नको. दगडाबाईच्या शेजारी बसायला माझ्या ओट्यावर जागा हाय.

वच्छला


धारूर,
७ जून २०२५

ती. आक्का,

तुझं पत्र शेतात नेऊन वाचलं. घरात वाचायची हिंमत झाली न्हाई.

आता खरं लिहितो. मुद्दे न्हाईत.

त्या सोमवारी मी तुझ्याकडं उगं आलतो असं तुला वाटतं. उगं न्हाई आलतो. पिशवीत हक्कसोडीचा कागद होता. विहिरीच्या अनुदानाला दोन नावं आडवी येतात म्हणून बिभीषणरावानं, कोर्टासमोर टायपिंग करतो तो, कागद करून दिला. वर शाईचा डबाबी दिला, म्हणला, “आक्काच्या हाताला कंप असंल तर अंगठा घेऊन ठेवा, रजिस्ट्रीला नंतर नेऊ.” मी दारात आलो तर तू पोट धरून खाली पडलेली. कागद पिशवीतच राहिला. बीडपर्यंत तुझं डोस्कं माझ्या मांडीवर होतं आन पिशवी पायाखाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडम म्हणल्या, आमचा एक अभ्यास चालू हाय. मशीनवरच्या माणसाला झोपवायची दोन औषधं हायत. दोन्ही जुनी, दोन्ही रोज वापरतात. कोणत्यानं नंतर भ्रम कमी होतो ते बघायचंय. कुणाला कोणतं द्यायचं ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार, डॉक्टरलाबी कळणार न्हाई. घ्यायचं का तुमच्या बहिणीला? न्हाई म्हणलात तरी उपचार तेच. मी हो म्हणलं, सही केली. आन बाहेर येऊन बाकड्यावर बसलो तवा ध्यानात आलं. आक्काला मी चिठ्ठीवर टाकलं! तिला न इचारता!

मंग मी काय केलं, तर मॅडमची नजर चुकवून तो फारम घेऊन आत आलो, खिशातला डबा काढला आन तुझा अंगठा उठवला. आपल्याला हीच सवय ना. ज्याचं त्याचं निशाण असल्याशिवाय कागद पक्का होत न्हाई.

आता पुढचं. हे लिहायला चार दिवस लागले. तुझ्या अंगठ्याला शाई होती. पिशवी माझ्या खांद्यालाच होती. मी दुसरा कागद काढला. उघडला. तुझ्या अंगठ्याखाली धरला, आक्का. मंग तुझा हात हलला, मशीन कोकललं, सिस्टर पळत आली. मी कागद झग्यात लपवला.

मशीन वाजलं नसतं तर मी काय केलं असतं, मलाच ठावं न्हाई. लई इचार केला. कधी वाटतं, मागं घेतला असता. कधी वाटतं, न्हाई. म्हणून तुला खोटं लिहिलं. एक अंगठा कबूल केला असता तर तू दुसरा इचारला असतास. विहिरीचं हो म्हणलं असतं तर अंगठाबी खरा झाला असता. डॉक्टरांनी भ्रमाचं नाव दिलं आन मी त्याच्यामागं लपलो.

विहिरीला तवा पाणी न्हवतं. तू डोळे उघडावेस म्हणून खोटं बोललो.

तो कागद सोबत पाठवतोय. बघ. अंगठ्याची जागा कोरी हाय. कडेला जांभळा डाग हाय, तो तुझ्या अंगठ्याचा का माझ्या बोटाचा, मलाबी कळंना.

पंचमीचं तू म्हणशील तसं.

अर्जुन


बीड,
२० जून २०२५

आदरणीय वच्छलाबाई,

आपले पत्र मिळाले. आपल्या भावाचे म्हणणे खरे मानावे का, असे आपण विचारले आहे. माझ्याकडे जे आहे ते सांगते.

आमच्या अभ्यासाच्या संमतीपत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. नातेवाइकाच्या जागी आपल्या भावाची सही आहे आणि ती नियमाप्रमाणे पुरेशी होती. खाली एक अंगठ्याचा ठसा आहे. त्यावर मी त्याच दिवशी रेघ मारून लिहिले आहे: “रुग्ण शुद्धीवर नसताना घेतलेला, ग्राह्य नाही.” त्या दिवशी मी त्यांना खूप बोलले. म्हटले, बेशुद्ध माणसाचा अंगठा घेणे गुन्हा आहे, तुम्ही सरपंच होतात ना? ते म्हणाले, “मॅडम, तिच्या अंगावर काही करायचं आन तिचं निशाण न्हाई, असं कसं चालंल? ती मला इचारल.” हे वाक्य माझ्या लक्षात राहिले, कारण इतक्या कागदांवर सह्या घेतल्या, पण असे कुणी म्हटले नव्हते.

दुसऱ्या कागदाबद्दल मला काहीच माहीत नाही. खोटी खात्री देणार नाही.

म्हशीबद्दल विचारलेत. आपल्या पायथ्याला श्वासाचे मशीन होते. तेच ऐकू येत असावे. शाईची आठवण आपण दिलेली तारीख पाहता अभ्यासाचे औषध सुरू होण्याआधीची आहे. काही आठवणी खऱ्या असतात, काही नसतात, आणि आतून दोन्ही सारख्याच वाटतात. हे आम्ही नातेवाइकांना नीट सांगायला हवे होते. “भ्रम होतो” एवढेच सांगितले, ही आमची चूक.

आपल्याला कोणते औषध मिळाले ते मलाही माहीत नाही. अभ्यास संपल्यावर पाकिटे उघडतील तेव्हा कळवीन.

आता आपण शुद्धीत आहात, म्हणून नियमाप्रमाणे आपल्यालाच विचारते. आपली माहिती या अभ्यासात ठेवू का? ‘नाही’ म्हणालात तर काढून टाकू, त्याने आपल्या उपचारात फरक पडणार नाही. कोरे संमतीपत्र सोबत आहे. घाई नाही.

आपली,
डॉ. वर्षाराणी तांदळे


चौसाळा,
१४ जुलै २०२५

चि. अर्जुनास,

आशीर्वाद लिहू का नगं, याचा इचार करत दोन दिवस कागद कोरा ठेवला. लिहिले शेवटी.

माझा आवाज आलाय. पहिला शब्द संस्कृतीवर ओरडताना निघाला. घोगरा हाय, चक्कीच्या पट्ट्यासारखा, पर हाय. स्वप्नालीनं लायटर खाली काढून ठेवला आन डोळे पुसले. आता तुला फोन करता आला असता. पर हे बोलण्यातलं न्हाई, कागदावरचं हाय.

तलाठ्याचं उत्तर आलं. म्हणतो, सदर गटावर कोणताही फेरफार दाखल नाही, सबब हरकत निकाली. मी डोस्क्यावर हात मारला. नसलेल्या कागदावर हरकत घेणारी मीच पहिली असेन.

तुझा कागद बघितला. संस्कृतीचं शाळेचं भिंग घेऊन तो जांभळा डाग उन्हात धरला. रेघा हायत, पर कुणाच्या ते कळंना. माझा अंगठा शेजारी धरला, मंग कळायचं तेबी राहिलं. आधी वाटलं, तुझ्याच बोटाचा. मंग वाटलं, न्हाई, माझाच. तू म्हणतोस तुला ठावं न्हाई, डॉक्टरीणबाई म्हणत्यात त्यांना ठावं न्हाई, मला कोणतं औषध दिलं तेबी कुणालाच ठावं न्हाई. बरं हाय, सगळेच एका नावंत. पर तू तुझं तुला ठावं न्हाई असं लिहिलंस ना, ते वाचून मी रडले. तू “मी असं कधीच केलं नसतं” म्हणला असतास, तर हे पत्र तुला आलंच नसतं.

आन एक गोष्ट. दवाखान्यातल्या कागदावर तुला माझ्या अंगठ्याची एवढी काळजी, ती मला इचारल म्हणून. मंग शेताच्या कागदावर कुठं गेलती रे ती काळजी? तो चिठ्ठीचा खेळ नव्हता म्हणून? या प्रश्नाचं उत्तर लिहू नको. शेतात एकटा असलास की इचार स्वतःला.

डॉक्टरीणबाईंच्या कागदावर मी सही केली. पुढच्या कुणा बाईच्या पायथ्याला म्हैस येऊ नये म्हणून. मला इचारलं आन मी हो म्हणले. एवढं सोपं होतं.

आता शेताचं. हक्कसोड मी करणार न्हाई. सातबाऱ्यावर बाबांनंतर माझं नाव हाय, ते ऱ्हाईल. कसायचं तूच कस, विहिरीच्या अनुदानाला माझी सही लागंल तर कागद मला वाचून दाखव, मी सही करीन. नाव मातर खोडायचं न्हाई. तीन महिने मी हाय का न्हाई हेच मला ठावं नव्हतं. आता लिहिलेलं नाव मी पुसू देणार न्हाई.

दगडाबाईला हे सांगितलं. ती म्हणली, “वच्छला, मंग तुझं माहेर गेलं बघ.” मी म्हणले, कावून? शेत सोडलं तरच माहेर, असा कायदा कुणी केला? भावाला इचारून तर बघू.

तर इचारते. पंचमी एकोणतीसला, मंगळवारी हाय. रविवारी मी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसणार. शेजारी दगडाबाई असंल. तू आलास तर तिलाबी घेऊन येईन, तुझ्या दारातल्या झोक्यावर दोघी बसू. न्हाई आलास तर तिच्याशेजारी जागा हायच. विहिरीला पाणी लागलं का न लागलं ते आता पत्रात लिहू नको. येऊन सांग, बघायला नेऊन दाखव. तुझ्या सांगण्यावर आता माझा भरोसा न्हाई. डोळ्यांवर बसलाय पुन्हा.

खाली सही करतेच. पर शेजारी डावा अंगठाबी उठवलाय, संस्कृतीच्या रंगाच्या डबीतला, म्हणून हिरवा हाय. तो तुझ्या डागाशेजारी धरून बघ. नीट उमटलाय, कुणी हात धरला न्हाई.

शुद्धीत दिलाय.

तुझी आक्का,
वच्छलाबाई